साय नासते, लोणी टिकते : केकवरच्या लेपामागचा इतिहास

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या निवृत्तीचा छोटासा समारंभ होता. सकाळी अकराच्या सुमारास दोन केक आणून सभागृहातल्या टेबलावर ठेवले गेले. एकावर लोणी आणि पिठीसाखर घोटून केलेला पिवळसर लेप होता, बेकरीवाले ज्याला ‘बटर आयसिंग’ म्हणतात तो. दुसऱ्यावर फेटलेल्या ताज्या क्रीमचा पांढराशुभ्र थर होता. पाहुण्यांना यायला उशीर झाला, भाषणे लांबली आणि केक कापले गेले तेव्हा चार वाजून गेले होते.

संध्याकाळी सात-साडेसातपासून एकेकाला मळमळ, उलट्या, पोटात कळा असा त्रास सुरू झाला. ताप कोणालाच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक जण सावरले. सत्तरीच्या एका गृहस्थांना मात्र दवाखान्यात नेऊन सलाइन लावावे लागले. ‘दुकानदाराने शिळे क्रीम वापरले असणार’ हा निष्कर्ष सर्वांनी लगेच काढून टाकला. मीही मान डोलावली. पुढे सहज म्हणून कोणी काय खाल्ले होते याची यादी केली, तेव्हा त्रास झालेल्या प्रत्येकाने क्रीमचा केक खाल्लेला होता. ज्यांनी फक्त लोण्याचा केक खाल्ला, ते सगळे ठणठणीत होते.

दोन्ही केक एकाच दुकानातले, एकाच दिवशी केलेले. दोन्हींवरचा लेप दुधापासूनच झालेला. मग एक बाधला आणि दुसरा का बाधला नाही? केकचा तुकडाही शिल्लक नव्हता, त्यामुळे तपासणी झाली नाही. पण खाल्ल्यानंतर दोन-चार तासांत उलट्या, ताप नाही आणि दिवसभरात उतार, ही लक्षणे अन्नशास्त्राला चांगली परिचित आहेत. त्यांचा उलगडा होण्यास सुमारे पाऊणशे वर्षे लागली. त्या इतिहासात केक आहे, क्रीम आहे आणि स्वतःच्या पोटावर प्रयोग करणारे शास्त्रज्ञही आहेत.

द्राक्षांचा घोस

या कथेतील मुख्य पात्र आहे एक जीवाणू. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० साली जखमांमधील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात त्यांना गोल जीवाणूंचे पुंजके दिसले. द्राक्षाच्या घोसाला ग्रीक भाषेत असलेल्या शब्दावरून त्यांनी १८८२ साली या जीवाणूंना ‘स्टॅफिलोकॉकस’ असे नाव दिले. दोन वर्षांनी जर्मनीतील रोझेनबाख यांनी वसाहतींच्या रंगावरून त्यांचे सोनेरी (ऑरियस) आणि पांढरे (आल्बस) असे दोन प्रकार केले.

हा जीवाणू दुर्मीळ नाही. निरोगी माणसांपैकी सुमारे तीस टक्के लोकांच्या नाकात तो वस्तीला असतो. तिथून तो हातावर येतो आणि हातावरून अन्नात जातो. जखमा चिघळवणारा म्हणून डॉक्टरांना तो माहीत होता, पण अन्न बाधण्याशी त्याचा संबंध असेल अशी शंका फारशी कोणाला नव्हती.

त्या काळी अन्नबाधेचे कारण वेगळेच सांगितले जाई. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ सेल्मी यांनी १८७०च्या दशकात कुजणाऱ्या प्रथिनांत तयार होणाऱ्या काही पदार्थांना ‘टोमेन’ असे नाव दिले होते. सडलेल्या अन्नातील ही टोमेने बाधतात, अशी समजूत नंतर कित्येक वर्षे टिकली. या समजुतीचा एक परिणाम फार वाईट झाला. बाधणारे अन्न म्हणजे वास मारणारे, आंबलेले, बुळबुळीत अन्न, असे लोकांच्या मनात पक्के बसले. अन्न दिसायला आणि चवीला चांगले असेल तर ते सुरक्षित आहे, असे आजही आपण धरून चालतो. आमच्या समारंभातील क्रीमही शेवटच्या घासापर्यंत चवीला उत्तम होते.

फिलिपाइन्समधील दूध

मार्शल बार्बर हे मूळचे अमेरिकेतील कॅन्सस राज्यातले जीवाणुशास्त्रज्ञ. अतिशय बारीक काचनळीने एकच जीवाणू उचलून वेगळा करण्याचे तंत्र त्यांनी विकसित केले होते. पुढे ते मनिला येथील विज्ञान संस्थेत काम करू लागले. तिथे एका शेतावरील गाईचे दूध घेतल्यावर लोकांना, आणि खुद्द बार्बर यांनाही, पोटाचा त्रास होत असे. विशेष म्हणजे ताजे दूध कोणालाच बाधत नसे. तेच दूध त्या उष्ण हवेत काही तास तसेच राहिले, की मात्र त्रास होई.

बार्बर यांनी गाईच्या कासेतील दुधातून पांढऱ्या स्टॅफिलोकॉकसचा एक प्रकार वेगळा केला. तो चांगल्या दुधात घालून वाढवला आणि ते दूध स्वतः पिऊन पाहिले. तीच लक्षणे उमटली. हा शोधनिबंध १९१४ साली ‘फिलिपाइन जर्नल ऑफ सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. ही गाय वरवर निरोगी होती, हे त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच नोंदवले आहे.

या प्रयोगातून दोन गोष्टी निघत होत्या. एक म्हणजे जीवाणू दुधात असणे पुरेसे नाही. त्यांना वाढायला ऊब आणि वेळ मिळावा लागतो. दुसरे म्हणजे वाढताना ते दुधात काहीतरी सोडतात आणि ते बाधते. निबंध नेमका होता, पण त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. पुढची सोळा वर्षे तो जवळजवळ विस्मरणात गेला.

शिकागोतील केक

१९३० साली शिकागो विद्यापीठातील गेल डॅक आणि त्यांचे सहकारी अन्नबाधेच्या एका प्रकरणाचा तपास करत होते. संशयित पदार्थ होता मध्ये क्रीमचा थर भरलेला स्पंज केक. या केकमधून त्यांना पिवळ्या रंगाचा स्टॅफिलोकॉकस मिळाला. त्यांनी तो पोषक द्रवात वाढवला आणि नंतर तो द्रव अशा गाळणीतून गाळला की जीवाणू मागे राहतील व निव्वळ द्रव खाली उतरेल. हा जीवाणूविरहित द्रव स्वयंसेवकांनी प्यायला. काही तासांत त्यांनाही उलट्या झाल्या.

आता शंका उरली नाही. माणसाला आजारी पाडणारी वस्तू म्हणजे जीवाणूंनी अन्नात आधीच सोडलेले विष होय. जीवाणू पोटात जाऊन वाढण्याची गरजच नाही, म्हणून तर लक्षणे इतक्या लवकर दिसतात. पुढे १९५९ साली बर्गडॉल, डॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाचा एक प्रकार शुद्ध स्वरूपात मिळवला. ते एक प्रथिन आहे, पण भलतेच चिवट. जीवाणू उकळीने सहज मरतात. हे विष मात्र अर्धा तास उकळूनही पूर्णपणे नष्ट होत नाही.

मात्रा तरी किती लागते? अमेरिकेत चॉकलेटच्या दुधामुळे शाळकरी मुलांना झालेल्या बाधेचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. दुधाच्या एका छोट्या खोक्यात सरासरी १४४ नॅनोग्रॅम विष सापडले. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्याशा विषाला वास कुठला आणि चव कुठली!

शिकागोच्या केकनंतर क्रीम भरलेल्या मिठाया अमेरिकेत आरोग्य खात्यांच्या नजरेत आल्या. १९३६ साली डॅक व इतरांनी एक्लेअरसारख्या पदार्थांसाठी एक उपाय सुचवला. सारण भरताना हातावरचे जीवाणू त्यात जातात. तेव्हा भरून झाल्यावर पदार्थ पुन्हा थोडा वेळ भट्टीत घालावा, म्हणजे विष तयार होण्याआधीच जीवाणू मरतील. उपाय चांगला होता, पण तो शिजवलेल्या सारणासाठी. फेटलेले क्रीम भट्टीत घातले तर वितळूनच जाईल. त्याला थंडीखेरीज दुसरा रक्षक नाही.

साय, लोणी आणि तूप

क्रीम का बाधते ते आता कळले. लोण्याच्या लेपाचे काय? त्यातही दूधच आहे. हे कोडे सोडवण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातच जाऊ.

केकसाठी फेटायच्या क्रीममध्ये स्निग्धांश सुमारे ३५ टक्के आणि पाणी साठ टक्क्यांच्या आसपास असते. बाजारातील लोण्यात स्निग्धांश निदान ८० टक्के आणि पाणी जास्तीत जास्त १६ टक्के असते. लोणी कढवून तूप केले, की पाणी अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. म्हणून साय एका दिवसात आंबते, लोणी काही दिवस राहते आणि तूप महिनोन्‌महिने टिकते. आपल्या आजीला जीवाणू माहीत नव्हते, पण ही उतरंड पक्की माहीत होती. लोण्यातले पाणीही सलग नसते. ते अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात चरबीत अडकलेले असते. एखाद्या थेंबात जीवाणू असलाच, तर त्याला त्या थेंबातल्या तुटपुंज्या अन्नावरच भागवावे लागते.

पण केवळ पाण्याचे प्रमाण पाहून भागत नाही. साखर घातलेल्या आटवलेल्या दुधाचा डबा पाहा. अमेरिकेतील गेल बॉर्डन यांना दूध निर्वात भांड्यात आटवण्याच्या कृतीचे पेटंट १८५६ साली मिळाले. अशा गोड आटीव दुधात पाव हिस्सा पाणी असते, तरी डबा उघडल्यावरही ते साध्या दुधासारखे लवकर बिघडत नाही. त्यातल्या पाण्याला साखरेने बांधून ठेवलेले असते. हे ‘बांधणे’ म्हणजे नेमके काय, आणि ते मोजायचे कसे?

पाण्याची मोजणी

साखर विरघळली, की द्रावणाचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या बाष्पदाबापेक्षा कमी होतो. हा नियम फ्रान्सच्या राऊल्ट यांनी १८८०च्या दशकात मांडला. बारावीच्या पुस्तकात तो असतोच. एखाद्या पदार्थाचा बाष्पदाब भागिले त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याचा बाष्पदाब, हे गुणोत्तर त्या पदार्थातले पाणी किती ‘मोकळे’ आहे ते सांगते. याला जल-क्रियाशीलता असे म्हणतात. शुद्ध पाण्यासाठी तिचे मूल्य १ असते. ते जसजसे खाली येते, तसतसे जीवाणूला बाहेरचे पाणी आत घेणे कठीण होत जाते.

ही कल्पना अन्नाच्या अभ्यासात रुजवण्याचे मोठे श्रेय ऑस्ट्रेलियाच्या डब्ल्यू. जे. स्कॉट यांना जाते. १९३०च्या दशकात ऑस्ट्रेलियातून ब्रिटनला जहाजाने गोमांस पाठवले जाई आणि या लांबच्या प्रवासात ते टिकवायचे कसे, हा प्रश्न होता. मांसाच्या पृष्ठभागावरील जीवाणूंची वाढ तिथल्या पाण्यावर कशी अवलंबून असते, याचा स्कॉट यांनी तेव्हा अभ्यास केला. पुढे १९५३ साली त्यांनी नेमका आपल्या कथेतला जीवाणू, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, निवडला. तो वेगवेगळ्या माध्यमांत आणि वेगवेगळ्या सुकवलेल्या खाद्यपदार्थांत वाढवून पाहिला. पदार्थ बदलला तरी त्याच्या वाढीची सीमा फारशी बदलली नाही. जल-क्रियाशीलता सुमारे ०.८६ च्या खाली गेली, की वाढ थांबत होती. पदार्थात पाणी किती टक्के आहे यापेक्षा ते किती मोकळे आहे, हे महत्त्वाचे ठरले.

बहुतेक रोगकारक जीवाणू याच्या कितीतरी आधी, ०.९२ ते ०.९५ च्या आसपासच हात टेकतात. कमी पाण्यात तग धरण्यात स्टॅफिलोकॉकस त्यांच्यात सर्वांत चिवट आहे. म्हणूनच अमेरिकेत १९७९ साली डबाबंद अन्नाचे नियम ठरवताना ०.८५ ही सीमारेषा धरली गेली.

आता केकच्या लेपाचा हिशोब

हा हिशोब वर्गात फळ्यावर करण्यासारखा आहे. बटर आयसिंगसाठी २५० ग्रॅम लोणी, ५०० ग्रॅम पिठीसाखर आणि सुमारे ३० ग्रॅम दूध घेतले असे समजू. लोण्यातले पाणी ४० ग्रॅम, दुधातले सुमारे २६ ग्रॅम. एकूण ६६ ग्रॅम. नेहमीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे या ६६ ग्रॅम पाण्यात १३२ ग्रॅम साखर विरघळून द्रावण संपृक्त होईल आणि उरलेली सुमारे ३७० ग्रॅम साखर बारीक कणांच्या रूपात शिल्लक राहील. साखरेच्या संपृक्त द्रावणाची जल-क्रियाशीलता सुमारे ०.८५ असते. स्कॉट यांना सापडलेली सीमा जवळजवळ हीच!

आता फेटलेले क्रीम घेऊ. ५०० ग्रॅम क्रीममध्ये सुमारे २९५ ग्रॅम पाणी आणि चवीपुरती ७५ ग्रॅम साखर. एवढ्या पाण्याला संपृक्त करायला ५९० ग्रॅम साखर लागली असती. राऊल्टच्या नियमाने काढले, तर जल-क्रियाशीलता ०.९८ च्या पुढेच भरते. म्हणजे ही साखर आपल्या जिभेला पुरेशी असली, तरी जीवाणूला तिची अडचण नाही.

मे महिन्यातील दुपारी हा जीवाणू सुमारे अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतो. पाच तासांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे १०२४ पट. एका ग्रॅममध्ये सकाळी हजार जीवाणू असतील, तर चार वाजता दहा लाख होतील. बाधेपुरते विष तयार व्हायला साधारण एवढेच लागतात. आमच्या दुकानदाराने दिलेला केक सकाळी बहुधा चांगलाच होता. तो बाधण्याजोगा झाला, तो आमच्या टेबलावर. विज्ञानात पीएच.डी. केलेली मी त्या टेबलाशेजारून निदान चार वेळा तरी गेले असेन.

साठवण कशी करावी

या इतिहासातून साठवणीचे नियम आपोआप निघतात.

फेटलेले क्रीम, कस्टर्ड किंवा क्रीम चीज यांचा लेप असलेला केक ५ अंश सेल्सियस किंवा त्याखाली ठेवावा. क्रीम चीजला थोडा आंबटपणा असतो, पण त्यात निम्म्याहून अधिक पाणी असते. त्याला लोण्याच्या रांगेत बसवू नये. सुमारे ७ अंशांखाली स्टॅफिलोकॉकसची वाढ थांबते. असा केक बाहेर काढल्यावर दोन तासांत संपवावा. हवा ३२ अंशांहून गरम असेल, तर एका तासात. आपल्याकडे मार्च ते जून हा दुसरा नियमच पाळावा लागेल.

बाहेर राहिलेला केक पुन्हा फ्रीजमध्ये ठेवला, तर वाढ थांबते, पण झालेले विष तसेच राहते. २००० साली जपानमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. एका कारखान्यातील वीज काही तास गेली आणि दूध कोमट राहिले. पुढे तापवण्याच्या क्रियेत जीवाणू मेले, पण विष दुधाच्या भुकटीत शिल्लक राहिले. त्या भुकटीपासून केलेल्या दुधामुळे तेरा हजारांहून अधिक लोक आजारी पडले.

भरपूर साखरेचा बटर आयसिंगचा लेप थंड जागी झाकून ठेवल्यास एक-दोन दिवस राहतो. मात्र ‘लोणी’ या नावावर विसंबू नये. गोड कमी हवे म्हणून साखर निम्मी केली, दूध किंवा फळांचा रस वाढवला, की संपृक्तता जाते आणि संरक्षणही जाते. घरच्या लोण्यात पाणी जास्त असते, हेही लक्षात ठेवावे. फ्रीजमधून काढलेल्या केकवर दव जमते आणि पृष्ठभागावरची साखर पातळ होते. म्हणून केक डब्यातच ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. शिवाय ०.८५ ही रेषा जीवाणूंसाठी आहे. काही बुरश्या आणि किण्वे त्याहून कोरड्या जागीही वाढतात आणि लोणी हवेने खवट होते, ते वेगळेच.

आपल्याकडच्या बेकऱ्यांत आज पुष्कळदा वनस्पती तेलापासून केलेले क्रीम असते. १९४५ साली अमेरिकेत रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून असे क्रीम तयार केले होते. ते उन्हात ताज्या क्रीमपेक्षा जास्त वेळ उभे राहते, पण त्यातही पाणी भरपूर असते. आकार टिकला म्हणजे पदार्थ टिकला असे नव्हे.

शेवटी वर्गासाठी एक सोपा प्रयोग. तीन स्वच्छ बाटल्यांत प्रत्येकी ५० मिलिलिटर दूध घ्या. पहिल्या बाटलीत साखर घालू नका, दुसरीत एक चमचा घाला, तिसरीत विरघळेल तेवढी, म्हणजे ८०-९० ग्रॅम घाला. झाकणे लावून त्या वर्गातच ठेवा आणि कोणते दूध केव्हा फाटते याची नोंद मुलांना करू द्या. चव मात्र कोणीही घ्यायची नाही. नोंदी झाल्यावर मुलांना विचारा, बासुंदीपेक्षा पेढा जास्त दिवस का टिकतो? उत्तर त्यांच्याच वहीत सापडेल. पुढच्या स्नेहसंमेलनात केक उन्हाळी टेबलावर ताटकळत राहिला, तर तो उचलून फ्रीजमध्ये ठेवायला त्यांच्यातलेच कोणीतरी धावेल, अशी मला आशा आहे. आमच्या समारंभात तसे कोणी धावले नव्हते.